पत्रा तोच, माल जास्त : विकलनाचा एक धडा

पत्र्याचे काम करणारे आमचे कारागीर बांधव हाताचे पक्के असतात. मात्र ट्रेची खोली किती ठेवायची, हे बहुधा उस्तादाच्या जुन्या मापावर ठरते. त्या मापाने पत्र्याचा पुरेपूर मोबदला मिळतो का, हे हिशेबाने तपासता येते. गणितातील विकलन हे त्याचे साधन. आज त्याचाच धडा घेऊ.

आठ बाय चार फुटांच्या पत्र्यातून २४ इंचांचे आठ चौरस निघतात. एका चौरसाच्या चारही कोपऱ्यांतून सारखे लहान चौरस कापून बाजू उभ्या केल्या की वरून उघडा ट्रे तयार होतो. कापलेल्या चौरसाची बाजू हीच ट्रेची खोली. ती ‘क्ष’ इंच मानू. मग तळाची बाजू २४ − २क्ष, आणि

घनफळ = क्ष × (२४ − २क्ष)²

खोली २ इंच घेतली तर ८०० घन इंच, ३ ला ९७२, ४ ला १०२४, ५ ला ९८० आणि ६ ला ८६४. म्हणजे खोली वाढवत गेल्यास घनफळ आधी वाढते, मग घटते. फार उथळ ट्रेत माल मावत नाही. फार खोल केल्यास तळ आक्रसतो. पण शिखर नेमके ४ वरच आहे, की पावणेचार किंवा सव्वाचारवर?

याचे उत्तर विकलन देते. खोली थोडी वाढवली तर घनफळ कोणत्या वेगाने बदलते, ते विकलनाने कळते. घाट चढताना रस्ता वर जातो, उतरताना खाली येतो आणि माथ्यावर क्षणभर सपाट असतो. तसेच शिखरावर बदलाचा वेग शून्य असतो.

वरचा गुणाकार सोडवला की

घनफळ = ५७६क्ष − ९६क्ष² + ४क्ष³

नियम सोपा आहे : घातांक पुढे आणून गुणायचा आणि घातांक एकाने कमी करायचा. म्हणून

बदलाचा वेग = ५७६ − १९२क्ष + १२क्ष² = १२(क्ष − ४)(क्ष − १२)

हा शून्य होतो क्ष ४ किंवा १२ असताना. १२ इंच कापल्यास तळच उरत नाही, म्हणून ते उत्तर बाद. ४ च्या आधी वेग धन आहे, नंतर ऋण. म्हणजे ४ हेच शिखर. २ इंच खोलीच्या ट्रेपेक्षा २८ टक्के जास्त माल, आणि पत्रा तेवढाच! कोणत्याही चौरस पत्र्याला हाच नियम : बाजूचा सहावा भाग ही खोली. ३० इंचांच्या पत्र्याला ५ इंच.

या प्रश्नाचा इतिहासही जाणण्यासारखा आहे. बाराव्या शतकातील गणिती शरफुद्दीन तूसी यांनी घन समीकरणांचा अभ्यास करताना याच जातीच्या राशीचे कमाल मूल्य काढले होते. एखाद्या संख्येचा वर्ग घेऊन त्याला ‘दिलेली संख्या वजा ती संख्या’ याने गुणले, तर ती संख्या दिलेल्या संख्येच्या दोन तृतीयांश असताना गुणाकार सर्वांत मोठा येतो. आपल्या ट्रेचा तळ १६ इंच, म्हणजे २४ चे दोन तृतीयांशच! पुढे सतराव्या शतकात फ्रान्सच्या फर्मा यांनी कमाल मूल्य काढण्याची रीत दिली आणि न्यूटन व लायब्निझ यांनी या शास्त्राला व्यवस्थित रूप दिले.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काठ दुमडायचा असेल तर तेवढा पत्रा आधी वजा करावा. चारही बाजूंनी अर्धा इंच दुमडल्यास हिशेब २३ इंचांवर करायचा. खोली सुमारे ३.८३ इंच येईल. दुसरे, गिऱ्हाइकाला उथळच ट्रे हवा असेल तर त्याची गरज आधी, शिखर नंतर.

आता २४ बाय १५ इंचांचा पत्रा घ्या. तो चौरस नाही, म्हणून सहाव्या भागाचा नियम येथे चालणार नाही. घनफळ लिहा, विकलन करा, शून्य मांडा. उत्तर ३ इंच आले, तर आजचा धडा हाती लागला असे समजा.