बालसंगोपन आणि बालशिक्षणातील व्यवसाय : गोव्यातील पेडणे व डिचोली येथील विद्यार्थ्यांसाठी निवडीचे निकष

जन्मापासून आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी करावयाच्या कामात शिक्षण, आरोग्यसेवा, दिवसभराची देखभाल आणि विकासातील अडचणींवरील उपचार अशी चार भिन्न क्षेत्रे येतात. त्यांपैकी प्रत्येकाची प्रवेशपात्रता, मान्यता देणारी संस्था, उत्पन्न आणि बढतीचा मार्ग वेगळा असल्यामुळे, केवळ ‘मुलांची आवड आहे’ एवढ्यावर घेतलेला निर्णय अपुरा ठरतो. आवड ही या कामाची पूर्वअट असली, तरी व्यवसाय म्हणून ते किती वर्षे टिकेल, हे हाती असलेल्या पात्रतेला मान्यता आहे का आणि तिच्या आधारे पुढची पायरी गाठता येते का, यांवर अवलंबून असते.

मराठी समाजाला या क्षेत्राची परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे त्यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे प्रयोग केले. मूल बालवाडीपर्यंत येऊ शकत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तू वापराव्यात आणि शिक्षिकेने आधी मुलाचे निरीक्षण करायला शिकावे, ही या कामाची सूत्रे होती. त्यांतील शेवटचे सूत्र व्यवसायनिवडीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण लहान मूल आपली अडचण शब्दांत सांगू शकत नाही आणि ती ओळखण्याचे कौशल्य प्रशिक्षणानेच येते.

अंगणवाडी : जवळची संधी, मर्यादित मोबदला

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण व आरोग्यशिक्षण, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि संदर्भसेवा, म्हणजे गरजू मुलाला योग्य रुग्णालयाकडे पाठवणे, अशा सहा सेवा तिच्यात येतात. गोव्यात ती महिला व बालविकास संचालनालयामार्फत चालते. इतर राज्यांत नवजात बालकांच्या घरी जाणाऱ्या ‘आशा’ कार्यकर्त्या गोव्यात नसल्यामुळे अंगणवाडी सेविका आणि आरोग्य केंद्रातील परिचारिका यांच्यातील समन्वयाला येथे विशेष महत्त्व आहे. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकेसाठी किमान बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक असून पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा अनुभवी सेविकांमधून भरण्याची तरतूद आहे. मात्र सेविकेला वेतन नव्हे तर मानधन मिळते, हे पालकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सेविका व मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी नियमित सरकारी सेवेचा दर्जा त्यांना आपोआप मिळत नाही. म्हणून हे काम स्वीकारणाऱ्या तरुणीने सोबत पदवी वा पदविका पूर्ण करणे शहाणपणाचे ठरते.

पायाभूत स्तरावरील अध्यापन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन ते आठ वर्षांचा कालखंड, म्हणजे पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी, हा एकसंध ‘पायाभूत स्तर’ मानला जातो. गोव्याने त्याची अंमलबजावणी २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून सुरू केली. त्यामुळे पूर्वी घरगुती स्वरूपाचे समजले जाणारे बालवर्गाचे काम आता औपचारिक शिक्षणाच्या चौकटीत आले आहे. बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका प्राथमिक शाळेसाठी उपयोगी पडते. गृहविज्ञानाच्या पदवीत ‘मानव विकास’ हा विषय असतो आणि पणजीत कांपाल येथे गृहविज्ञानाचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. काही महिन्यांत ‘शिक्षिका’ बनवण्याची हमी देणाऱ्या खासगी अभ्यासक्रमांचे शुल्क भरण्यापूर्वी, त्यांना राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, हे लेखी तपासावे.

येथे स्थानिक उमेदवाराची एक बाजू भक्कम आहे. पेडणे आणि डिचोलीतील बालवर्गात घरी कोंकणी बोलणारी मुले, मराठी शाळेत जाणारी मुले आणि कामासाठी आलेल्या कुटुंबांतील कन्नड वा हिंदी बोलणारी मुले एकत्र बसतात. अशा वर्गात मुलाच्या घरच्या बोलीतून त्याला शाळेच्या भाषेकडे नेऊ शकणारी शिक्षिका बाहेरून आलेल्या प्रशिक्षित व्यक्तीपेक्षा अधिक परिणामकारक ठरू शकते.

आरोग्य आणि विकासोपचार

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही व्यापक पात्रता आहे. बांबोळी येथील परिचर्या शिक्षण संस्था त्यासाठी, तर गोवा वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षणासाठी जवळचे केंद्र होय. बालरोगतज्ज्ञ होण्यासाठी साडेपाच वर्षांच्या एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण लागते, त्यामुळे आर्थिक आणि मानसिक तयारीचा विचार आधीच व्हायला हवा. कमी चर्चिलेले पर्याय म्हणजे वाचा-श्रवणतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोष, पोषणातील कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांची लवकर तपासणी होते, परंतु निदानानंतरचे उपचार करणारी माणसे नसतील तर तपासणीचा उपयोग अपुरा राहतो. विशेष शिक्षक आणि वाचा-श्रवणतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्यांनी निवडलेल्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे याची खात्री करावी, कारण तिच्या नोंदणीपुस्तकात नाव असल्याविना विशेष शिक्षकासारखा व्यवसाय कायदेशीर ठरत नाही.

पाळणाघर

२०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्ती कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करणे बंधनकारक केले. जानेवारी २०२३ पासून मोपा विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाल्याने पेडण्यात पाळीनुसार काम करणाऱ्या पालकांची संख्या वाढणे स्वाभाविक आहे. मात्र कायद्यातील तरतुदीमुळे नोकऱ्या आपोआप निर्माण होत नाहीत. स्वतःचे पाळणाघर काढू इच्छिणाऱ्याने जागेची सुरक्षितता, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखालील जबाबदारी यांची तयारी आधी करावी.

निर्णयाचा क्रम

मुलग्यांसाठी हे क्षेत्र नाही, ही समजूत अंगणवाडी सेविकेच्या पदापुरतीच खरी आहे. शिक्षण, परिचर्या आणि उपचार ही तिन्ही क्षेत्रे त्यांना खुली आहेत. विद्यार्थ्याने दहावी वा बारावीच्या सुटीत पालक आणि मुख्याध्यापकांच्या संमतीने एखाद्या बालवर्गाचे काम पाहावे, आणि रडणारे मूल, मळलेले कपडे, दहा वेळा विचारलेला तोच प्रश्न यांनी आपला संयम सुटतो का, याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा. पालकांनी सुरुवातीच्या वेतनाबरोबरच पाच वर्षांनंतरची पायरी कोणती, आणि ती गाठण्यासाठीची पात्रता आताच मिळते का, हे विचारावे. या दोन्ही कसोट्यांवर टिकणारा पर्याय निवडावा. एकीवरच टिकणाऱ्या पर्यायासाठी घाईने शुल्क भरू नये.