कारागृहाचा शिधा आणि मक्तेदार

बाजारात धान्य पसंत पडले नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते; बंद्याला ती मुभा नसते. त्यामुळे कारागृहाच्या मुदपाकखान्यास शिधा पुरविण्याच्या मक्त्यात खाणाऱ्याची बाजू शासनालाच सांभाळावी लागते. 1894 च्या कारागृह अधिनियमाने हे ओळखले होते. त्याच्या कलम 10 अन्वये कारागृहाच्या अधिकाऱ्यांना पुरवठ्याच्या मक्त्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध ठेवण्यास मनाई करण्यात आली.

मात्र खरी कसोटी निविदा मंजूर करताना व त्यानंतर लागते. बाजारभावाहूनही खालचा दर भरणारा मक्तेदार आपली तूट कोठून भरून काढणार? ओलसर डाळ, खडे मिसळलेला तांदूळ आणि मापातील कसर, या त्याच्या वाटा होत. 1,000 बंद्यांच्या कारागृहात रोज माणशी 20 ग्रॅम डाळ कमी आली, तर वर्षाला 73 क्विंटल डाळ केवळ कागदावर शिजते! म्हणून मंजूर नमुना मोहोरबंद ठेवावा, प्रत्येक माल त्याच्याशी ताडून पाहावा आणि वजन कारागृहाच्याच काट्यावर करावे. नाकारलेला माल त्याच दिवशी परत जावा. कोठारात राहिलेला माल चांगल्यात मिसळण्यास वेळ लागत नाही. पर्यायी खरेदीचा जादा खर्च अनामत रकमेतून वसूल करण्याची अट करारात असली, म्हणजे माल नाकारताना अधिकाऱ्यास उद्याच्या जेवणाची चिंता पडत नाही.