आई फडात, बाळ कोपीवर: दूध किती ठेवावे?

प्रश्न: आम्ही धारूर तालुक्यातले. ऊसतोडीसाठी साताऱ्याकडे आलोय. सून पहाटे पाचला फडात जाते, दूध काढून ठेवते. नात चार महिन्यांची. बाटलीने किती पाजू? शेजारणी म्हणतात, वय वाढलं की दूधही वाढवायचं.

उत्तर: आजी, ही समजूत आधी सोडा. अंगावरचे दूध पिणारे बाळ पहिल्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत साधारण तेवढेच पिते, दिवसाला सुमारे ७५० मिली. म्हणजे आई नसताना तासाला ३० मिली धरा. पाच ते नऊ, चार तासांना १२० मिली पुरेल. दोन वेळा ६०-६० द्या. एकदम सगळे ओतू नका; उष्टे उरलेले दूध पुन्हा चालत नाही.

बाटली मात्र नको. कोपीत ती नीट उकळून स्वच्छ ठेवणे फार अवघड. वाटी-चमचा धुवायला सोपा. बाळाला उभट धरून सावकाश पाजा. तोंड फिरवले की थांबा, बळजबरी नको.

काढलेले दूध सावलीत, झाकून चार तास टिकते. ते उकळू नका. वाटी कोमट पाण्यात ठेवली की पुरे. नऊनंतर नातीला फडावर न्या, सुनेला अंगावर पाजू द्या. मुकादम कुरकुरला तरी न्याच. वरचे पाणी, गाईचे दूध, घुटी सहा महिने काहीही नको.

दिवसातून सहा-सात वेळा लघवी होते, वजन वाढतेय, तर दूध पुरतेय. लघवी कमी झाली, बाळ मलूल वाटले, तर त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जा.