फुंकून झालं, मग चालायला का लावलं?

प्रश्न : माझ्या वडिलांना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे. परवा छातीच्या डॉक्टरांकडे नेहमीची फुंकण्याची तपासणी झाली. आकडे गेल्या वर्षीइतकेच आले, पण बाबा म्हणतात की दम आता जास्त लागतो. मग डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं येरझारा घालायला लावल्या. चौथ्या मिनिटाला बाबा भिंतीला टेकले, जरा थांबून पुन्हा चालले. ‘नापास झालो’ म्हणत घरी येऊन गप्प बसलेत. नुसत्या चालण्यातून असं काय कळतं? आणि ही चाचणी घरी करता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बाबांना आधी सांगा की ते नापास झालेले नाहीत. या चाचणीत थांबायला, टेकायला, खुर्चीवर बसायलाही मुभा असते. फक्त घड्याळ थांबवत नाहीत. रुग्णाने स्वतःच्या चालीने सहा मिनिटांत किती मीटर अंतर कापलं ते मोजायचं, आणि कुठे, किती वेळ थांबला त्याची नोंद ठेवायची. बाबा भिंतीला टेकले हीसुद्धा डॉक्टरांच्या कामाची माहिती आहे.

फुंकण्याच्या तपासणीत रुग्ण खुर्चीवर बसलेला असतो. पहिल्या सेकंदात आणि एकूण किती हवा बाहेर पडली, एवढंच त्यातून दिसतं. सीओपीडीची खरी अडचण सुरू होते ती चालू लागल्यावर. श्वास जलद होतो, अरुंद झालेल्या नळ्यांतून आतली हवा पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो. हवा आत साठत जाते, छाती फुगलेलीच राहते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. त्यात दम लागतो म्हणून माणूस चालणं कमी करतो, चालणं कमी झालं की मांड्यांचे स्नायू रोडावतात, आणि मग थोड्या चालीनेही दम लागतो. म्हणूनच फुंकण्याचे आकडे जिथल्या तिथे असतानाही बाबांची तक्रार अगदी खरी असू शकते.

चाचणीआधी आणि नंतर बोटाला ऑक्सिमीटर लावतात, शक्य असेल तर पूर्ण वेळ लावलेलाच ठेवतात. किती दम लागला, पाय किती भरून आले, हे ० ते १० च्या मापावर रुग्णालाच सांगायला लावतात. फुफ्फुसांना जाड व्रण पडणाऱ्या आजारांत, म्हणजे फायब्रोसिसमध्ये, तर ऑक्सिमीटरवाचून भागत नाही. असा रुग्ण बसलेला असताना ऑक्सिजनचा आकडा ९६ दिसू शकतो, आणि चालायला लागल्यावर तोच झपाट्याने खाली येतो. चालताना रक्त फुफ्फुसातून वेगाने जातं, आणि जाड झालेल्या पडद्यातून ऑक्सिजन शोषून घ्यायला त्याला पुरेसा वेळ मिळत नाही. हे बसून कधीच कळलं नसतं.

या चाचणीची सुरुवात झाली ती धावण्यापासून. अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये सुदृढ जवानांसाठी १२ मिनिटांची धाव मांडली. १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी जुनाट ब्रॉंकायटिसच्या रुग्णांसाठी तिची १२ मिनिटांची चाल केली. आजारी माणसाला एवढा वेळ चालणं जड जातं, म्हणून १९८२ मध्ये २, ६ आणि १२ मिनिटांच्या चाली ताडून पाहिल्या गेल्या, आणि पुढे सहा मिनिटांची चालच रूढ झाली.

चाचणी दिसते सोपी, पण ती काटेकोर करावी लागते. कॅनडातल्या गाय्याट आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं की चालताना रुग्णाला उत्तेजन दिलं, तर तो सहा मिनिटांत सुमारे ३० मीटर जास्त चालतो. आणि आज रुग्णाच्या प्रकृतीत खरा फरक पडला असं मानायला जो बदल लागतो, तोही साधारण ३० मीटरच. म्हणजे गेल्या वेळी गप्प उभा असलेला कर्मचारी या वेळी ‘शाबास, चला चला’ म्हणू लागला, तर औषध लागू पडल्याचा भास होईल! म्हणून दर मिनिटाला काय बोलायचं तेही ठरलेलं असतं, ‘छान चाललंय, अजून ५ मिनिटं आहेत’ या धर्तीचं, एकाच सुरात. बरोबरीने चालायचं नाही, नाहीतर रुग्ण त्याच चालीने ओढला जातो. सपाट, कठीण जमिनीची ३० मीटर लांब वाट हवी. वाट आखूड असली की वळणं वाढतात आणि अंतर घटतं. आपल्याकडे गर्दीच्या व्हरांड्यात, स्ट्रेचर चुकवत ही चाचणी उरकली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. एवढी स्वस्त तपासणी, पण लांब मोकळी जागा नसली की तिचा आकडाच फसवा होतो.

आणखी एक गोष्ट. सरावाने दुसऱ्या वेळी अंतर वाढतं. म्हणून पहिल्यांदा चाचणी करताना ती अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर पुन्हा करतात आणि जास्त भरलेलं अंतर धरतात. वय, उंची, वजन यांनुसार अपेक्षित अंतर बदलतं, तेव्हा शेजारच्या काकांशी तुलना नको. मात्र सीओपीडीत ३५० मीटरच्या खालचं अंतर डॉक्टर गांभीर्याने घेतात. आजाराची वाटचाल जोखणाऱ्या बोड निर्देशांकात तिथून गुण चढू लागतात.

आता घरचं. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात ही चाल घरोघरी पोचली, पण तेव्हा अंतर कुणी मोजत नव्हतं. चालल्यावर ऑक्सिजन ९३ च्या खाली जातो का, एवढंच पाहायचं होतं. बाबांच्या आजारात अंतर महत्त्वाचं, आणि ते दिवाणखान्यात मोजता येत नाही. शिवाय छातीत दुखत असेल, बसल्या जागीच धाप लागत असेल किंवा महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आलेला असेल, तर चाचणी मुळीच करायची नाही. रोजचं चालणं डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवा, चाचणी दवाखान्यातच होऊ द्या.

पुढच्या वेळी बाबांना हलकं खाऊन, रोजच्या वापरातल्या चपला-बूट घालून न्या. काठी वापरत असतील तर काठी घेऊनच चालू द्या. नेहमीचा इनहेलर चुकवू नका आणि कधी घेतला ते सांगा. अहवालात नुसते मीटर न पाहता सर्वांत खाली गेलेला ऑक्सिजन, थांबे आणि दमाचा आकडाही मागून घ्या. आणि फुफ्फुसांसाठीचे व्यायामवर्ग, म्हणजे पल्मनरी रिहॅबिलिटेशन, जवळपास कुठे आहेत ते डॉक्टरांना जरूर विचारा. रोडावलेल्या मांड्या त्या व्यायामाने पुन्हा भरतात, आणि फुंकण्याचा आकडा तसाच राहिला तरी चालण्याचं अंतर वाढतं.