पहिला वर्ग घेण्याआधी

शिबारीचा, म्हणजे दोराने अंग बांधायच्या जपानी कलेचा, वर्ग घेते आहेस ना, मग आधी भिंतीवरची ती चित्रं उतरव. जपानी चित्रकार सेइउ इतोच्या (१८८२–१९६१) काळापासून चित्रांत बहुतेक बांधलेली बाईच दिसते, तीही सडपातळ. ते बघून भरल्या अंगाचा माणूस, पन्नाशीची बाई, व्हीलचेअरवरचा तरुण दारातूनच परत फिरतात. ‘तो बांधतो, ती बांधून घेते’ असं बोलायचंही नाही. कोणी कोणाला बांधायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. एकटं कुणी आलं तर स्वतःच्या मांडीवर बांधू दे. अठराच्या आतलं मात्र कुणी नको, तिथे भीड धरू नकोस.

दोर तागाचा, ६ मिलिमीटर जाडीचा, ७-८ मीटर लांबीचा घे. एखाद्याला अपुरा पडला की चारचौघांत ‘तुम्हाला जास्तीचा लागेल’ म्हणू नये, म्हणून दोराला दोर जोडायला सगळ्यांनाच आधी शिकव. तागाची धूळ दमेकऱ्याला सोसत नाही, सुती दोर जवळ ठेव. हार्डवेअरच्या दुकानातली सुतळी नको, ती अंगाला टोचते.

आता नीट ऐक. पहिल्याच दिवशी सगळ्यांना ताकाते कोते हवी असते, हात पाठीमागे घेऊन बांधायची. देऊ नकोस. कित्येकांचे खांदे तेवढे मागे जातच नाहीत. ज्यांचे फार सहज जातात, त्यांची मला जास्त काळजी वाटते; सैल सांध्याच्या माणसाला ताण वेळेवर कळत नाही. हात पुढे घेऊनही छान बांधता येतं. दंडात, हाडाला लागून, मनगट उचलणारी नस जाते. ती दाबली गेली तर मुंग्या येतीलच असं नाही. म्हणून ‘ठीक आहे ना?’ एवढ्यावर भागत नाही. ‘मनगट वर कर, अंगठा उचल’ असं सांग. उचलता येईना की लगेच सोड, गाठ सुटेना तर कात्री लाव. दोर महागाचा म्हणून हात आखडतो, आखडू देऊ नकोस. हात निळसर दिसला की सगळेच धावतात, पण दोर सोडला की रंग बहुधा लगेच परततो. दुखावलेली नस भरून यायला कधीकधी महिने जातात.

दुखणी कागदावर लिहून घे, सगळ्यांसमोर विचारू नकोस. मधुमेहाने ज्यांचे पाय बधिर झालेत, त्यांच्या ‘काही होत नाही’वर विसंबायचं नाही. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्याचे हात बांधलेस तर त्याचं तोंडच बांधलंस. त्याला कमरेला किंवा पायाला बांध, हात मोकळे राहू देत. ज्याला ऐनवेळी शब्द फुटत नाही, त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा दे. तो पडला की थांबायचं. दिसत नसलेल्याला गाठ चाचपून शिकव, आणि डोळसांनाही एकदा तशीच बांधायला लाव. नुसतं बघून बांधायची त्यांची खोड मोडते.

माणसाला दोराने लटकवायचं कधी, हे विचारतीलच. पहिलं वर्षभर छताला कडीच लावू नकोस.