वरखतांनी जमीन खरोखरच नापीक होते काय ?

गावोगाव हिंडणाऱ्या शेतकी कार्यकर्त्याला हा प्रश्न हमखास विचारला जातो. पारावर बसलेल्यांपैकी एक जण सांगतो की, गोणीतल्या खताने जमीन मेली, ढेकळे फुटेनात, गांडुळे नाहीशी झाली. दुसरा तितक्याच खात्रीने म्हणतो की, गोणी ओतल्यावाचून दाणा भरत नाही आणि उकिरडा उपसण्यात मजुरी मात्र जाते. दोघांचाही अनुभव खरा असतो. मात्र दोघेही आपल्या एका शेताच्या चार-दोन हंगामांवरून सर्व जमिनींबद्दल निकाल देत असतात. जमिनीचा कस फार सावकाश बदलतो. एका वर्षाचा पाऊस, बियाण्याचा फरक किंवा रोगाची साथ एवढ्यानेच तो बदल झाकला जातो. म्हणून या वादात ज्यांची साक्ष घ्यावयाची ते प्रयोग दीर्घ मुदतीचे असले पाहिजेत.

असा सर्वांत जुना प्रयोग इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे चालू आहे. जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ च्या शरद ऋतूत ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचे तुकडे पाडले. एका तुकड्याला काहीही द्यावयाचे नाही, दुसऱ्याला दरसाल हेक्टरी ३५ टन शेणखत द्यावयाचे, इतरांना नत्र, स्फुरद व पालाश ही द्रव्ये निरनिराळ्या प्रमाणांत वरखतांच्या रूपाने द्यावयाची, असा बेत होता. मधल्या काळात गव्हाच्या जाती बदलल्या, काही भागांत फेरपालट सुरू झाली; परंतु मूळ तुकड्यांचे खत बहुतांशी तेच राहिले. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ वरखत खाल्लेली जमीन मेली की जगली हे तेथे पाहावयास मिळते.

काहीही न दिलेल्या तुकड्यात हेक्टरी सुमारे १ टन गहू येत राहिला. पहिली शंभराहून अधिक वर्षे शेणखताच्या तुकड्याचे आणि पुरेसे नत्र, स्फुरद व पालाश मिळालेल्या तुकड्याचे उत्पन्न जवळजवळ सारखेच होते. म्हणजे समतोल वरखतांनी ती जमीन नापीक झाली नाही. पुढे १९६० नंतरच्या दशकात बुटक्या, जास्त खत पचविणाऱ्या जाती आल्या, तेव्हा शेणखत आणि त्यावर जोडीला नत्र मिळालेला तुकडा सर्वांच्या पुढे गेला. मातीतील सेंद्रिय कर्ब शेणखताच्या तुकड्यात इतरांच्या दुपटीहून अधिक आढळतो. वरखताच्या तुकड्यातील कर्ब निखत तुकड्यापेक्षा कमी नाही, उलट किंचित जास्तच आहे. कारण जोमदार पिकाची मुळे व धसकटेही जास्त असतात आणि ती मातीतच कुजतात.

येथे एक गोष्ट दृष्टीआड करू नये. ३५ टन शेणखतातून जमिनीला वर्षाला २०० किलोंहून अधिक नत्र मिळते. एवढे शेणखत घालावयाचे तर आपल्याकडील हेक्टर-दोन हेक्टरांच्या शेतकऱ्याने जनावरे किती बाळगावी आणि त्यांना चारा कोठून आणावा ? आपल्याकडील शेणखतात नत्राचे प्रमाण साधारणपणे शेकडा अर्धा असते. हेक्टरी ५ टन खत घातले तर सुमारे २५ किलो नत्र पडते आणि तेही सगळे पहिल्याच हंगामात पिकाच्या उपयोगी पडत नाही. एक टन गव्हाचे पीक २० ते २५ किलो नत्र उचलून नेते, हा हिशेब शेजारी मांडला म्हणजे केवळ शेणखतावर भरघोस पीक काढणे बहुतेकांस का जमत नाही ते कळते.

लॉज स्वतः खताचा कारखानदार होता. हाडे किंवा खनिज फॉस्फेट आम्लात विरघळवून सुपरफॉस्फेट करण्याची सनद त्याने १८४२ साली घेतली होती. तेव्हा त्याचे प्रयोग वरखतांच्या बाजूने झुकलेले असतील, अशी शंका घेणे गैर नाही. परंतु त्याच्याच शेतातील आकड्यांनी शेणखताचाही मोठेपणा सिद्ध केला आणि वरखताच्या एका प्रकाराचे दोषही उघडे केले. आक्षेप दुसऱ्या बाजूनेही आले. इंदूर येथे कंपोस्टाची पद्धत बसविणारे सर अल्बर्ट हॉवर्ड यांना हे तुकड्यांचे प्रयोग मान्य नव्हते. कंपोस्टाविषयी त्यांनी सांगितले त्यातील बरेचसे पुढील संशोधनात टिकले आहे. वरखत हे जमिनीला विष आहे हा भाग मात्र सरसकट टिकला नाही.

तो ज्या ठिकाणी टिकतो ती ठिकाणे नीट पाहण्यासारखी आहेत. इंग्लंडमध्येच वॉबर्न येथील रेताड जमिनीत १८७० नंतरच्या दशकात सातूला दरसाल अमोनियम क्षार देण्यास सुरुवात झाली. पहिली काही वर्षे पीक उत्तम आले. मग ते खालावत गेले आणि सुमारे वीस वर्षांनी जवळजवळ बुडाले. जमीन मेली, असे कोणीही म्हटले असते. त्या तुकड्यांच्या काही भागांत चुना घातला, तेव्हा तेथे सातू पुन्हा उभा राहिला ! जमीन मेली नव्हती. ती आंबट झाली होती. रॉथॅमस्टेडच्या गवती कुरणात १८५६ पासून चाललेल्या प्रयोगातही अमोनियम सल्फेटच्या, चुना न मिळालेल्या तुकड्यांतून गांडुळे नाहीशी झाली आणि मेलेले गवत न कुजता वर गादीसारखे साचले. त्याच कुरणात ज्या तुकड्यांना नत्र सोडियम नायट्रेटच्या रूपात मिळाले तेथे असे घडले नाही. गांडुळे कमी झाली ही पारावरची तक्रार, म्हणजे, सर्वस्वी खोटी नाही. पण तिचे कारण गोणी नसून आम्लता आहे.

हे घडते कसे ? अमोनियाच्या रूपातील नत्राचे जमिनीतील सूक्ष्म जंतू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि त्या क्रियेत आम्ल तयार होते. युरियाचेही प्रथम अमोनियात आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर होते. त्याची आम्लता अमोनियम सल्फेटपेक्षा कमी, पण असते. जमिनीत चुनखडी भरपूर असेल तर हे आम्ल तेथल्या तेथे जिरते. देशावरील बहुतेक काळ्या जमिनी अशा चुनखडीयुक्त आहेत. कोकणातील आणि सह्याद्रीलगतच्या तांबड्या जांभ्या जमिनींत हा साठा नसतो, त्या मुळातच आंबट असतात. एकच गोणी सोलापूरच्या काळ्या रानात आणि रत्नागिरीच्या तांबड्या वरकसात निरनिराळा परिणाम करते, हे कार्यकर्त्याने विसरू नये.

आपल्या देशातील पुरावाही आता अर्ध्या शतकाचा झाला आहे. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९७० साली निरनिराळ्या जमिनींवर दीर्घ मुदतीच्या खत प्रयोगांची अखिल भारतीय योजना सुरू केली; पुढे तीत अकोला व परभणी ही केंद्रेही आली. हिमाचल प्रदेशातील पालमपूर आणि झारखंडातील रांची येथील आम्ल जमिनींत ज्या तुकड्यांना वर्षानुवर्षे केवळ नत्र दिले गेले त्यांची दशा वॉबर्नसारखीच झाली. पालमपूरला तर मका व गहू हाती येईनासे झाले. तेथेच तिन्ही द्रव्यांबरोबर चुना किंवा शेणखत दिलेल्या तुकड्यांनी उत्पन्न टिकवून धरले. जबलपूरच्या काळ्या जमिनीत सामूमध्ये फारसा फरक पडला नाही; तेथे केवळ नत्राचा तुकडा मागे पडला तो स्फुरद संपल्यामुळे. अकोल्याच्या ज्वारी-गव्हाच्या प्रयोगातही सर्वांत चांगले उत्पन्न आणि सर्वांत अधिक सेंद्रिय कर्ब तिन्ही वरखते व शेणखत एकत्र दिलेल्या तुकड्यातच आढळला.

सारांश, दोष वरखत देण्यात नाही, एकच वरखत देत राहण्यात आहे. आणि ते दिले जाते याचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान एवढेच नाही. २०१० साली स्फुरद व पालाशयुक्त खतांच्या अनुदानाची पद्धत बदलली तेव्हा युरिया तीतून वगळला गेला. त्यामुळे तो फार स्वस्त राहिला आणि बाकीची खते महागली. खिशाकडे पाहून शेतकरी स्वस्त गोणी उचलतो, यात नवल नाही. गंधकाचेही असेच झाले. साध्या सुपरफॉस्फेटमधून स्फुरदाबरोबर गंधकही मिळे. त्याची जागा डीएपीने घेतली तेव्हा तेलबियांना व कडधान्यांना गंधक कमी पडू लागले.

आता क्षारपड जमिनींचा मुद्दा. सांगली, कोल्हापूरकडील उसाची राने पांढरी पडली की दोष रासायनिक खतांवर येतो. नीरा नदीच्या खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर हॅरोल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी लिहिलेली पत्रिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने १९१० साली प्रसिद्ध केली होती. त्या काळी तेथे वरखतांचा वापर नगण्य होता. कालव्याचे पाणी मात्र आले होते. भारी काळ्या जमिनीत निचरा नसता पाणी फार दिले की जमिनीखालचे पाणी वर चढते, त्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. अतिरेकी खताने यात भर पडू शकते. पण मूळ रोग पाण्याचा आहे आणि त्यावर उपाय चर खणणे व पाणी मोजून देणे हा आहे. अशा शेतकऱ्याने खत बंद करून पाणी तसेच चालू ठेवले तर उत्पन्नही जाईल आणि जमीनही.

उलट टोकाचा धडा श्रीलंकेत मिळाला. मे २०२१ मध्ये तेथील सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. पुरेसे सेंद्रिय खत उभे करण्यास वेळच मिळाला नाही. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. तरी पुढच्या हंगामात भाताचे उत्पन्न फार घसरले, चहालाही फटका बसला आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला. सेंद्रिय शेती करणारा शेतकरी चुकतो, असा याचा अर्थ नाही. ज्याच्याकडे जनावरे, हिरवळीचे खत आणि चांगला भाव देणारे गिऱ्हाईक आहे त्याला ती परवडू शकते. पण जमिनीतून दरसाल उचलले जाणारे अन्न कोठून भरून यावयाचे, याचा हिशेब त्यालाही चुकत नाही.

दूरच्या प्रयोगांची ही हकिकत सांगून पारावरचा वाद मिटेलच असे नाही. शेतकऱ्याचा विश्वास स्वतःच्या रानावर अधिक असतो, आणि तो असावाच. म्हणून गावातील एक-दोन उत्साही शेतकऱ्यांच्या शेतात दोन-दोन गुंठ्यांचे चार तुकडे पाडावेत. एकाला शेतकरी नेहमी देतो तेच खत द्यावे. दुसऱ्याला मातीपरीक्षणानुसार नत्र, स्फुरद व पालाश द्यावे. तिसऱ्याला तेच आणि जोडीला चांगले कुजलेले शेणखत. चौथ्याला नुसते शेणखत. मातीचा नमुना खत घालण्यापूर्वी, बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा सोडून, आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा खड्डा घेऊन काढावा. युरिया पृष्ठभागावर उघडा पडू देऊ नये, मातीआड करावा. चुनखडीच्या जमिनीत तो उघडा राहिला की त्यातील नत्र अमोनिया होऊन हवेत जाते. बियाणे, पेरणीचा दिवस, पाणी आणि निंदणी चारही तुकड्यांत एकच असावी. कोपऱ्यांवर दगड पुरावेत आणि निदान पाच वर्षे त्या तुकड्याचे खत बदलू नये. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही म्हणून कंटाळण्याचे कारण नाही, वॉबर्नला तो दिसण्यास बरीच वर्षे लागली. कापणीच्या वेळी कडेच्या ओळी सोडून द्याव्यात आणि प्रत्येक तुकड्याची मळणी वेगळी करून धान्य खळ्यावरच, चार शेजाऱ्यांसमक्ष तोलावे व वहीत मांडावे. रास एकदा एकत्र झाली की त्या वर्षीचा प्रयोग फुकट गेला असे समजावे.