सही करण्यापूर्वी

मुलुंडमधली एक जुनी चाळ डोळ्यांपुढे आणा. रात्रीचे साडेआठ वाजले आहेत. एक काका हातात कागद घेऊन दारोदार फिरत आहेत. कागदावर पंचवीस-तीस सह्या झाल्या आहेत. दोन-चार अंगठेही आहेत. तळमजल्यावरच्या मावशी नुकत्याच लिहा-वाचायला शिकल्या आहेत. काका त्यांच्या दारात उभे राहतात.

"मावशी, इथं सही करा."

"कशाबद्दल हो?"

"मागच्या बंद बंगल्यात बिघडलेल्या पोरांना ठेवणार आहेत म्हणे. ते नको, असा अर्ज आहे."

"कुठली पोरं ही?"

"अहो, डोंगरीची! चोऱ्यामाऱ्या करणारी. आपल्या घरात पोरीबाळी आहेत की नाही?"

मावशींनी चष्मा लावला. कागद हातात घेतला. "उद्या सकाळी देते. आधी वाचते," एवढेच त्या म्हणाल्या.

मावशींनी केले ते बरोबर केले असे आम्हाला वाटते. आपणही त्यांच्याबरोबर तो कागद वाचू या.

त्यातला पहिला शब्द 'डोंगरी'. मूल फार हूडपणा करू लागले की "डोंगरीला टाकीन" असे म्हणायची मुंबईत जुनी सवय आहे. डोंगरीला, म्हणजे उमरखाडीला, मुलांना ठेवण्याचे सरकारमान्य गृह आहे. पूर्वी तिथे तुरुंग होता. त्याच तुरुंगात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. पुढे १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा झाला, आणि १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. आपल्या उपनगरात मानखुर्दला जे बालगृह आहे, ते याच सोसायटीचे. डोंगरीचा तुरुंग गेला, त्याला शंभर वर्षे होत आली, पण लोकांच्या तोंडी त्याची धास्ती अजून आहे.

दुसरा शब्द 'बिघडलेली पोरे'. हा शब्द कायद्यात कुठेच नाही. मुलांसाठी आज जो कायदा आहे तो २०१५ सालचा. जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांचे त्यात दोन गट केले आहेत, आणि सारी गफलत इथेच होते.

पहिल्या गटातल्या मुलाने काहीही केलेले नसते. तो घरचा मार चुकवून गाडीत बसलेला असतो. फलाटावर निजतो. एखाद्या मालकाने त्याला कामाला जुंपलेले असते. कुणाला आईबापच नसतात. असे मूल सापडले की २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. त्याने कुठे राहायचे ते ती समिती ठरवते.

दुसऱ्या गटातल्या मुलावर गुन्ह्याचा आरोप असतो. त्याची चौकशी बाल न्याय मंडळ करते. या मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. त्या दोघांत एक तरी बाई असावी लागते. आरोप खरा ठरला तर मुलाला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. सोळा वर्षांवरच्या मुलाने खुनासारखा भयंकर गुन्हा केला असेल, तर त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा का, हे पाहण्याची सोयही कायद्यात आहे.

आता काकांचा कागद पुन्हा पाहा. बंगल्यात कोणत्या गटातली मुले येणार? कागदात ते लिहिलेलेच नाही.

आम्ही काकांना वाईट म्हणणार नाही. घरात वयात आलेली मुलगी असली की बापाला काळजी वाटतेच. पंधरा-सोळा वर्षांची पोरे एके ठिकाणी राहिली की भांडणे होतात, एखादा भिंत चढून पळतोही. पण अशी भीती अगदी निरुपद्रवी माणसांबद्दलही उठते, हेही आपण पाहिले आहे. २०२१ साली करी रोडला म्हाडाचे १०० गाळे टाटा रुग्णालयाला द्यायचे ठरले. कर्करोगाच्या उपचारासाठी लांबून येणाऱ्यांनी तिथे उतरावे, एवढाच हेतू. तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली आणि जूनमध्ये मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. मग भोईवाड्यात दुसरे १०० गाळे द्यायचे ठरले. कर्करोग काही शेजाऱ्याला लागत नाही! लातूर जिल्ह्यात हासेगावला एचआयव्हीची लागण असलेल्या मुलांसाठी 'सेवालय' आहे. २००९ साली ती मुले गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावातल्या पालकांनी आपली मुले शाळेत धाडणे बंद केले होते.

आणि धोका नेहमी भिंतीच्या आतून बाहेरच येतो असेही नाही. पनवेलजवळ कळंबोलीला मतिमंद मुलींचे एक गृह होते. तिथे मुलींवर अत्याचार होत होते. ते २०११ साली उजेडात आले आणि २०१३ साली न्यायालयाने संस्थाचालकाला दोषी ठरवले. त्या मुलींना दाद मागायला कोण होते? अशा घराच्या शेजारी डोळे उघडे ठेवणारी माणसे हवीत. गृह हाकलून दिले की ते कुठेतरी आडबाजूला जाते, आणि तिथे पाहणारे कुणीच नसते.

म्हणून कायद्याने काही गोष्टी बांधून दिल्या आहेत. प्रत्येक गृहाची नोंदणी झालीच पाहिजे. बिननोंदणीचे गृह चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा निदान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची असते. तिच्यात एक बाई आणि एक डॉक्टर असावे लागतात. मुलांची नावे आणि फोटो मात्र छापता येत नाहीत. तेव्हा नावे विचारायची नाहीत. बाकीचे खुशाल विचारावे.

मावशींनी रात्री वहीतले एक पान फाडले आणि लिहिले:

"जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, मुंबई उपनगर जिल्हा, यांस. आमच्या चाळीमागे मुलांचे गृह होणार असे ऐकतो. तरी कळवावे. गृहाची नोंदणी झाली आहे काय? कोणत्या गटातली मुले येणार व किती? रात्री त्यांच्याजवळ मोठी माणसे किती राहतील? मुले शाळेत कुठे जातील?"

सकाळी काका आले. त्यांनी पान वाचले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"यात नको असं लिहिलंच नाही, मावशी."

"हवं असंही लिहिलं नाही. आधी उत्तर तर येऊ द्या."

काका थोडा वेळ दारातच उभे राहिले. मग खिशातले पेन काढून म्हणाले, "पाचवा प्रश्न घाला. एखादा पोरगा पळाला, तर रात्री-अपरात्री आम्ही फोन कुणाला करायचा?"

मावशींनी पेन घेतले आणि तोही प्रश्न लिहिला.